बक्कल नंबर

आमच्या घरात दोन क्रॉफर्ड मार्केट होती. एक आईचं. आंब्याचे भाव उतरले की बसने जायचं, पेटी नाहीच परवडली तर दोन डझन सुटे घ्यायचे आणि पिशवी मांडीवर धरून परत यायचं, ते. दुसरं अण्णांचं. मंडईच्या समोर, रस्त्यापलीकडे, 1896 पासून मुंबई पोलिसांचं मुख्यालय असलेली दगडी इमारत आहे. खात्यातले लोक तिलाही क्रॉफर्ड मार्केटच म्हणत. "उद्या क्रॉफर्ड मार्केटला बोलावलंय," असं चाळीत कुणी म्हणालं की ऐकणारा पुढचं विचारत नसे. आई लग्न होऊन नवी नवी मुंबईत आली होती तेव्हा अण्णा एका रात्री हे वाक्य बोलले. आई म्हणाली, "मग येताना कोथिंबीर आणा, तिथं स्वस्त मिळते म्हणतात." चूक अण्णांचीच होती, साहेबांपुढून बिनटोपीचे गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सावधानमध्ये उभं राहून बोलणी खाल्ली आणि येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्या.

ही गोष्ट आई सांगायची. अण्णा सांगत नसत. अण्णा काहीच सांगत नसत.

1955 मध्ये ते पाटण तालुक्यातून मुंबईत आले. लालबागला गावच्या गाळ्यावर राहिले, उंची-छाती मोजून घेतली आणि भरती झाले. शिपाई, मग नाईक, मग हवालदार, शेवटी जमादार. बाहेरच्या जगासाठी मात्र ते पहिल्या दिवसापासून हवालदारच. मी लहान असताना त्यांचा वेष म्हणजे गडद निळी हाफ पँट, निळा डगला आणि डोक्यावर पिवळी चपटी टोपी. आई भाताच्या पेजेची खळ काढून ती हाफ पँट अशी कडक करायची की पँट भिंतीला टेकवून उभी राहील. इस्त्री म्हणजे तांब्याच्या लोट्यात निखारे. मला त्या हाफ पँटची लाज वाटायची, हे आज लिहायला हरकत नाही. शाळेतल्या मुलींचे वडील फुल पँट घालून कारखान्यात जायचे आणि माझा बाप चाळीस वर्षांचा, केसाळ पायांचा, शाळेतल्या पोरासारखा. 1975 नंतर तर सिनेमाच्या कृपेने सगळ्या मुंबईने सगळ्या पोलिसांचं एकच बारसं करून टाकलं. वर्गात कुणी 'पांडू' म्हणालं की मी मान खाली घालून गणित सोडवत बसायची.

पट्ट्याचं पितळी बक्कल चमकवणं हे माझं काम. चिंच आणि राख. त्यावर नंबर होता, चार आकडी, आणि तो मला माझ्या वाढदिवसाच्या आधी पाठ झाला होता. खात्यात माणसाला नावापेक्षा नंबराने ओळखायचे. अण्णांचा सगळा पत्रव्यवहार, रजेचा अर्ज, धुलाई भत्ता, शिक्षा, बक्षीस, सगळं त्या नंबराच्या नावावर. चाळीखालच्या पानवाल्यालाही तो पाठ होता, पण वेगळ्या कारणासाठी.

आम्ही वरळीचे, आणि मटक्यातलं आमच्या गावाचं नाव तर साऱ्या मुंबईला ठाऊक. त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावत. साठच्या दशकात तो धंदा बंद पडला आणि वरळी मटका सुरू झाला. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा तो ओपन. रात्री उशिरा आणखी तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. अण्णांच्या नंबराचे शेवटचे आकडे चार आणि सात. कधी तरी सत्तेचाळीसची जोडी लागली आणि पानवाल्याचं भलं झालं, तेव्हापासून तो अण्णांना बघितलं की हात जोडायचा. अण्णांना वाटायचं, वर्दीचा मान. खरं कारण कळल्यावर ते महिनाभर दुसऱ्या जिन्याने जात-येत होते. हवालदाराच्या नंबरावर, हवालदाराच्या चाळीखाली बेकायदा जुगार खेळला जातो आणि हवालदार जिना बदलतो. यात हसायचं की काय करायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णा हप्ता घ्यायचे का? हा प्रश्न मला लग्नाच्या बोलण्यांत एका पाहुण्याने हसत हसत विचारला होता. भाजीवाला आईकडून पैसे घेत नसे, तर आई सुट्टे पैसे त्याच्या तागडीत टाकून निघून यायची. दिवाळीला मिठाईचा एक खोका यायचा, देणारा दारातूनच परत जायचा. तो खोका आम्ही खायचो. एवढं मी बघितलं. आम्ही 160 चौरस फुटांत राहायचो आणि शेवटपर्यंत 160 चौरस फुटांतच राहिलो, हेही बघितलं. पाहुण्याला मी एवढंच म्हणाले, "घेत असते तर तुमच्याशी सोयरीक करायला आलो नसतो."

चाळ बीडीडीची. 1920 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी बांधल्या, त्यांतल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, टोकाला सामाईक संडास. खोलीच्या कोपऱ्यात मोरी. काही चाळी पोलिसांना दिलेल्या, त्यांतली एक आमची. गेल्या काही वर्षांत तिथे टॉवर उभे राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. टीव्हीवर एक म्हातारी नव्या घरातल्या भिंतीवर हात फिरवताना दिसली. मी तिचा चेहरा न्याहाळला, ओळखीची निघते का बघितलं. नव्हती.

पोलिसांची चाळ दिवसा झोपलेली असायची. निम्मे पुरुष रात्रपाळी करून आलेले. आमच्या मजल्यावर रिवाज होता की आत माणूस झोपला असेल तर बायको त्याची टोपी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची. टोपी दिसली की त्या दारासमोर लगोरी नाही, भांडण नाही, हाकसुद्धा नाही. कधी कधी बोळात दहा-बारा पिवळ्या टोप्या एका रांगेत लटकलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं मांजरीसारखी पाय न वाजवता जायचो. आई त्या वेळात कणीक मळायची, कारण कणीक मळण्याचा आवाज होत नाही. पाटा-वरवंटा दुपारी चारनंतर.

घरातला खरा अंमलदार आईच. रेशन, शाळेची फी, गावाकडची मनीऑर्डर, भावाचं टायफॉइडचं आजारपण, माझं पाळी येणं, हे सगळं अण्णांच्या हजेरीपटाच्या बाहेर घडलं. गणपती, गोकुळाष्टमी, मोहरम, नाताळ, 26 जानेवारी, क्रिकेटची कसोटी, कुणी परदेशी पाहुणा: मुंबईत जे काही साजरं होई त्या प्रत्येक दिवशी सुट्ट्या बंद. दसऱ्याला आई त्यांच्या काठीला झेंडूचं फूल बांधायची. काठीचा मालक तोवर शिवाजी पार्कला उभा.

काही दिवशी मात्र आई जिन्याच्या तोंडाशी बादली आणि त्यात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवायची. म्हणजे त्या दिवशी अण्णांना मयत-ड्युटी होती. रेल्वेखाली सापडलेला, खाडीत मिळालेला, फुटपाथवर पहाटे उठलाच नाही असा, कुणी तरी बेवारस. अशा मेलेल्या माणसाबरोबर एक शिपाई लागतो. पंचनाम्यापासून जे. जे.च्या शवागारापर्यंत तो त्याला एकटं सोडत नाही. मुंबईत तेव्हा कोरोनर होता, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. ती पद्धत पुढे 1999 मध्ये गेली. कोरोनरची परवानगी, कागद, शिक्का आणि कुणीच नाही आलं तर शेवटचा विधीसुद्धा. अण्णा येऊन बाहेरच अंगावर पाणी घ्यायचे आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एकदाच, मी आठवीत असताना, जेवता जेवता म्हणाले, "आज एकाच्या खिशात दहाव्या मजल्याचं लिफ्टचं कूपन होतं." लिफ्टचं कूपन म्हणजे काय, असं काही असतं का, हे विचारायच्या आत आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला.

ते बोलत नव्हते, पण लिहीत होते. त्यांची भाषा मात्र एकच, पोलिसी. गावी आजोबांना पत्र जायचं त्यात धाकट्या भावाचा उल्लेख 'सदर मुलगा' असा. किराणाच्या यादीखाली एक आडवी रेघ आणि 'एकूण नग सात'. मी शाळेच्या वहीत काही खोडलं तर ते म्हणायचे, खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करायची, नाही तर उद्या कोर्टात वकील म्हणेल नंतर बदललं. मी पाचवीत भूगोलाच्या वहीत गोदावरी खोडून कृष्णा लिहिलं आणि शेजारी सही केली. बाईंनी अख्ख्या वर्गाला वही दाखवली.

त्या भाषेतला त्यांचा एक कागद आमच्याकडे आहे. रेशनकार्डाच्या फाईलमध्येच असायचा, कार्बन कॉपी, जांभळी. मी त्यावरून जोडाक्षरं वाचायला शिकले म्हटलं तरी चालेल.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेले होते, कोयनेचा भूकंप झाला. मुंबईलाही हलल्याचं जाणवलं. आई सांगायची की फळीवरचे डबे एकमेकांवर वाजले आणि तिला वाटलं वरच्या मजल्यावर कुणी जातं ओढतंय. अण्णा रात्रपाळीला होते. दुपारपर्यंत कळलं की पाटण तालुका उद्ध्वस्त झालाय. रजा मागितली तर वरच्याने विचारलं, तुझंच घर पडलं याची खात्री काय? ती रजा मिळायला दीड दिवस गेला. अण्णा गावी पोहोचले तेव्हा आजी गेलेली होती आणि गावकऱ्यांनी तिला अग्नीही दिला होता. चार दिवसांची रजा वाढवून हवी होती. त्यासाठी पुरावा हवा होता. म्हणून अण्णांनी आपल्या घराचा पंचनामा केला. नात्यातल्या माणसाने पंचनामा करायचा नसतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी पोलीस पाटलांची आणि दोन पंचांची सही घेतली. पण अक्षर सगळं त्यांचं.

"सदर घर दगडमातीचे, कौलारू, तीन खणांचे असून त्याची चतुःसीमा पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस भावकीची पडीक जागा, उत्तरेस ओढा, दक्षिणेस गोठा. पैकी उत्तरेकडील भिंत पायापासून कोसळलेली आहे. मधल्या खणाचे आढे मोडून खाली आलेले आहे. ढिगाऱ्यात मिळून आलेल्या वस्तू: तांब्याची घागर एक, चेपलेली. जात्याची वरची तळी एक. घोंगडे एक. काचेच्या हिरव्या बांगडीचे तुकडे, नग चार. मयत स्त्री, वय अंदाजे 55. अंत्यविधी अगोदर उरकला असल्याने प्रेत पाहण्यात आलेले नाही. मयताचा मुलगा, पोलीस शिपाई, मुंबई शहर, ब. नं." आणि पुढे तो नंबर, शेवटी चार आणि सात. "जागेवर हजर."

खाली एका ठिकाणी 'पाच' खोडून 'चार' केलेलं आहे. शेजारी छोटी सही.

लहानपणी मला तो कागद कंटाळवाणा वाटायचा. 'चतुःसीमा' हा शब्द तेवढा आवडायचा. पुढे बी.ए.ला असताना एकदा रेशनकार्ड काढताना तो हातात आला आणि 'अंदाजे 55' पाशी माझी नजर थांबली. आईचं वय मुलाला अंदाजे माहीत असतं, त्या पिढीत तसंच. पण बांगडीचे तुकडे त्यांनी मोजले होते, आधी पाच मोजले, मग पुन्हा मोजले.

1973 मध्ये मी बारा वर्षांची आणि भाऊ नऊचा. अनंत चतुर्दशीला अण्णा सकाळी सहाला गेले ते गिरगाव चौपाटीला. संध्याकाळी आईने डबा भरला, चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि एका खणात शिरा, आणि आम्हां दोघांना पिटाळलं. पुढे रस्ते बंद, त्यामुळे ग्रँट रोडपाशी बसमधून उतरून आम्ही गर्दीतून चालत निघालो. भावाचा हात मी इतका घट्ट धरला होता की तो रडायला लागला. ढोल, ताशे, गुलाल, ओल्या वाळूचा वास. प्रत्येक पिवळी टोपी अण्णांची वाटायची. दोन शिपायांना विचारलं. दोघांनी नाव सांगूनही ओळखलं नाही. मग मी बक्कल नंबर सांगितला, तेव्हा एकाने बोट दाखवलं, "हरवलेल्या पोरांच्या तंबूत बघ."

तंबूत पंधरा-वीस पोरं रडत होती आणि अण्णा त्यांच्यामध्ये बाकावर बसले होते. कडेवर दोन-अडीच वर्षांचं एक गुलालाने माखलेलं मूल. ते मूल त्यांच्या शिट्टीची साखळी चोखत होतं आणि अण्णा काहीतरी गुणगुणत होते. गुणगुणत होते! मी आमच्या घरात अण्णांचा गाण्याचा आवाज तोवर ऐकला नव्हता. आम्हाला बघून ते गप्प झाले. डबा घेतला, उघडला आणि शिऱ्याचा खण सरळ त्या मुलापुढे धरला. बोटाने भरवला. आईने आमच्या वाटणीचा शिराही त्यात घातला होता, हे मला माहीत होतं. भाऊ म्हणाला, "अण्णा, तो आमचा शिरा आहे." अण्णा म्हणाले, "तुम्ही हरवलेले नाही."

ते खरंच होतं. तरीही परतीच्या वाटेवर माझ्या मनात आलं, आपण हरवायला हवं होतं. थोडा वेळ तरी.

आमच्याकडे एक काका यायचे, अण्णांचे चुलतभाऊ, लालबागला गिरणीत. अण्णा मुंबईत आले तेव्हा ज्या गाळ्यावर राहिले त्याच गाळ्यावरचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात काका रस्त्यावर. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली, तेव्हा अण्णांचं नायगावचं ट्रेनिंग चालू होतं, ते तिथे नव्हते. पण जानेवारी 1956 मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्राकडे राहील असं रेडिओवर सांगितलं आणि शहर पेटलं, तेव्हा आठवडाभर नव्या शिपायांनाही बाहेर काढलं होतं. लढ्यात एकूण शंभरावर माणसं मेली, त्यांतली बरीच त्या आठवड्यात, पोलिसांच्या गोळ्यांनी. गोळ्या झाडणाऱ्यांतले कित्येक साताऱ्याचे, सांगलीचे, रत्नागिरीचे; मरणाऱ्यांतलेही तिथलेच. पुढे 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि फाउंटनपाशी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचा पुतळा उभा राहिला. दर 1 मे ला अण्णांचा तिथे बंदोबस्त लागला की काका संध्याकाळी पेढे घेऊन यायचे. एका वर्षी पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "त्या दिवशी होतास का रे आमच्या समोर?"

"चहा घे," अण्णा म्हणाले.

काकांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, पूर्ण संपवला. नंतरही यायचे, पेढेही आणायचे. तो प्रश्न परत नाही विचारला.

आता 1982 बद्दल लिहायलाच हवं. 18 जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या. संपावर गेलेल्या गिरणी कामगारांवर काठ्या चालवायला पाठवले जाणारे पोलीस त्यांच्याच भावकीतले, त्यांच्याच पगाराइतक्या पगाराचे. आणि त्या शिपायांची स्वतःची गाऱ्हाणी वेगळीच: ड्युटीचे तास, घरं, साहेबांच्या बंगल्यावरची ऑर्डलीगिरी, भाजी आणणं, पोरांना शाळेत सोडणं. त्यांची संघटना झाली होती. अण्णा वर्गणी भरायचे, पावती खिशात ठेवायचे. 15 ऑगस्टला पुष्कळ शिपायांनी काळ्या फिती लावल्या. अण्णांनीही लावली, माझ्या जुन्या रिबिनीची. आईने टाके घातले.

18 ऑगस्टच्या पहाटे सरकारने संघटनेच्या पुढाऱ्यांना धरलं आणि संघटनेची मान्यता काढून घेतली. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. सकाळ उजाडेपर्यंत वरळी आणि नायगावच्या पोलीस लाईनींतून माणसं रस्त्यावर आली होती. पोलिसांची माणसं, आणि त्यांच्या जोडीला गिरणी कामगार. दिवसभरात बसेस फुटल्या, लोकल थांबल्या, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. ज्या शहरात लोकांनी पोलिसांना घाबरायचं त्या शहरात एक दिवस पोलिसांसाठी संचारबंदी लागली, असं भाऊ नंतर म्हणायचा. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्या दिवशी खाली, घोळक्यात होता.

अण्णांना त्या दिवशी सकाळची ड्युटी होती. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे, हवालदार, मुलीचं लग्न व्हायचं बाकी. साडेसहाला त्यांनी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला, गणवेश चढवला. तोवर फुल पँट आलेली होती. आई दारात उभी. बोळात दोन्ही बाजूंची दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात एक माणूस. त्या दिवशी खिळ्यांवर एकही टोपी नव्हती. अण्णा त्या वीस दारांमधून चालत जिन्यापर्यंत गेले. कुणी काही बोललं नाही. बुटांचा आवाज मी जिना संपेपर्यंत ऐकला.

तिसऱ्या दिवशी परत आले. त्याच रात्री खिडकीतून दगड आला. काच फुटून भावाच्या अंथरुणावर पडली. आमची खिडकी रस्त्याकडे नव्हती. ती दोन चाळींमधल्या पटांगणात उघडायची, आणि पटांगणाच्या तोंडाशी जवानांचा पहारा होता. बाहेरचं कुणी आत येणं शक्य नव्हतं. अण्णांनी उठून दिवा लावला नाही. काळोखातच काचा गोळा केल्या आणि कॅलेंडरचा पुठ्ठा कापून खिडकीला ठोकला.

बरेच जण बडतर्फ झाले. आमच्या समोरच्या खोलीतलेही. त्यांना खोली सोडावी लागली, टेम्पो रात्री आला. आईने त्यांच्या बायकोला मेतकुटाचा डबा दिला आणि दोघी दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. अण्णा कपाट उचलायला पुढे झाले. त्या गृहस्थांनी वीस वर्षं अण्णांना 'आबा' म्हटलं होतं, दर रविवारी एका ताटात जेवले होते. ते म्हणाले, "राहू द्या, हवालदार."

अण्णांची अधिकृत जन्मतारीख 1 जून 1934. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला झाला, शाळामास्तरांच्या कृपेने. त्यामुळे 31 मे 1992 ला ते निवृत्त झाले. हार, नारळ, फोटो. किट जमा केलं: पट्टा, बक्कल, टोपी, काठी, रेनकोट, घोंगडी. सहाच महिन्यांनी डिसेंबरात मुंबई पेटली, तेव्हा ते डोंबिवलीच्या नव्या वन रूम किचनमध्ये रेडिओला कान लावून बसत आणि ठिकाणाचं नाव आलं की तिथे कुठली चौकी, कुठली गल्ली, पुटपुटत. पण ते नंतरचं. आधी खोली खाली करायची होती.

पोलीस लाईनीतली खोली सरकारची. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत ती द्यायची. आम्ही दोन्ही भावंडं तिथेच लहानाची मोठी झालो, आईने तिथे तीस उन्हाळे काढले. आता त्या लाईनींत राहिलेल्या निवृत्त पोलिसांच्या कुटुंबांना नव्या टॉवरमधलं घर किती लाखांना द्यायचं यावर चर्चा झाली, पन्नासवरून पंचवीस, पंचवीसवरून पंधरा असे आकडे खाली आले. 1992 मध्ये असं काही कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मुदत संपत आली आणि अण्णांनी सामान बांधलं.

ऑगस्टचा शेवट होता. बाहेर भुरभुर पाऊस. ताबा घ्यायला एक तरुण कारकून आला, हातात पॅड आणि छापील फॉर्म. त्याच्याबरोबर अण्णा रिकाम्या खोलीत फिरले. फिरले म्हणजे काय, चार पावलं. कारकून बोलत होता आणि लिहीत होता. नळ एक. बल्बचे होल्डर दोन. मोरीचा कट्टा, तडा गेलेला. दरवाजा, कडी-कोयंडा ठीक. अण्णांनी मध्येच त्याला सांगितलं की आधी दिशा लिही, मग वस्तू, म्हणजे विसरत नाही. पोरगं हसलं आणि तसं लिहायला लागलं. पश्चिमेस खिडकी एक, तावदानं चार.

तो खिडकीपाशी गेला. पुठ्ठा दहा वर्षांत तपकिरी झाला होता, त्यावरच्या लक्ष्मीचा फक्त एक हात दिसत होता. त्याने तो बोटाने वाजवला.

"काच एक फुटलेली. कशाने फुटली, काका? कॉलम आहे."

मी आणि आई दारात पिशव्या घेऊन उभ्या होतो. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

"वाऱ्याने," अण्णा म्हणाले.

कारकुनाने लिहिलं. 'वाऱ्यामुळे.' मग पॅड पुढे केलं. अण्णांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचलं, सदतीस वर्षं वाचत आले तसं, ओळीवर बोट ठेवून. सही केली आणि सहीपुढे सवयीने ब. नं. लिहून चार आकडे घातले.

"काका, नंबर आता नको," कारकून म्हणाला. "साध्या माणसासारखीच सही."

अण्णांनी एक आडवी रेघ मारून नंबर खोडला. पॅड परत देणार तेवढ्यात पुन्हा जवळ ओढलं, आणि खोडलेल्या नंबराशेजारी छोटी सही केली.